सोसणं आणि ऐकणं: ख्रिस्ती श्रद्धेतला एक अवघड धडा



शुक्रवारची सकाळ आहे. ओलाया रस्त्यावर अजून गाड्यांची रांग लागलेली नाही, मुलं उठायची आहेत आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी चहाचा दुसरा कप चालू असेल. आजचा विषय थोडा जड आहे, पण तो तुमच्यातूनच आला आहे, म्हणून टाळत नाही.

मागच्या भागानंतर ओलायात राहणाऱ्या एका ताईंचा आवाजी निरोप आला. नाव न सांगता प्रश्न कार्यक्रमात घ्यायची परवानगी त्यांनी दिली आहे. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, घर ख्रिस्ती, इकडे येऊन नऊ वर्षं झाली. या वर्षी त्यांची आई गेली. रजा वेळेवर मिळाली नाही, एक्झिट री-एंट्रीचा कागद हातात पडेपर्यंत माती झालीसुद्धा. आईचं शेवटचं दर्शन त्यांनी फोनच्या पडद्यावर घेतलं. मध्येच नेटवर्क गेलं, आणि पुन्हा जोडलं गेलं तेव्हा लोक परत फिरत होते.

त्यानंतर गावच्या मंडळीतल्या एका मावशींचा फोन आला. मावशी प्रेमळ आहेत, ताईंना लहानपणापासून ओळखतात. त्या म्हणाल्या, "रडू नको. प्रभू येशूसुद्धा दुःख सोसूनच आज्ञापालन शिकला. देव तुलाही शिकवतोय."

ताईंचा प्रश्न असा होता: "मला शिकवण्यासाठी देवानं माझी आई नेली का? तसं असेल तर असा धडा मला नको. आणि तसं नसेल, तर मग शास्त्रातल्या त्या वाक्याचा अर्थ काय?"

प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेतला आहे, पण तो ख्रिस्ती माणसांपुरता नाही. आपल्याकडे कोणत्याही घरात दुःख आलं की कुणीतरी म्हणतंच, "देव परीक्षा पाहतोय." तेव्हा सगळ्यांनीच ऐकावं. ज्यांना बायबलची ओळख नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगते.

वाक्य कुठलं आहे?

मावशींनी सांगितलं ते वाक्य बायबलच्या नव्या करारात आहे, 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, आठव्या वचनात. त्याचा आशय असा: येशू देवाचा पुत्र होता, तरीही जे दुःख त्याच्या वाट्याला आलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला.

हे पत्र कुणी लिहिलं त्याचं नाव पत्रात नाही. ते कुणासाठी लिहिलं हे मात्र वाचताना कळतं. ती माणसं ख्रिस्ती झाल्यामुळे अडचणीत आली होती. चारचौघांत त्यांचा अपमान झाला होता, काहींची मालमत्ता लुटली गेली होती, काहींचे सोबती तुरुंगात होते. आता ती थकली होती. काहींनी एकत्र जमणंही सोडलं होतं. अशा माणसांना धीर द्यायला हे पत्र लिहिलं आहे. सुखात बसलेल्यानं दुःखी माणसाला केलेला हा उपदेश नाही. "तुम्ही ज्यातून जाताय त्यातून तोही गेलाय," एवढं सांगणारा हा निरोप आहे.

मूळ पत्र ग्रीक भाषेत आहे. त्या भाषेत 'शिकला' याला 'एमाथेन' म्हणतात आणि 'सोसलं' याला 'एपाथेन'. दोन्ही शब्द कानाला यमकासारखे लागतात. ग्रीक लोकांत ही जोडी जुनीच होती. दुःखातून शहाणपण येतं, अशा अर्थाची त्यांची म्हण होती, आणि त्यांच्या नाटकांतही ती आली आहे. म्हणजे पत्रलेखकानं लोकांच्या ओळखीचा शब्दखेळ उचलला आणि तो येशूला लावला.

आपल्याकडेही म्हण आहे: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दगडावर टाकी पडते, छिलके उडतात, आणि मग त्यातून मूर्ती होते. मावशींच्या मनात बहुधा हेच चित्र असावं. देव पाथरवट आहे, आपण दगड आहोत, घाव सोसत राहायचं. चित्र देखणं आहे. पण इब्री पत्रातलं चित्र ते नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आज्ञा की ऐकणं?

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी 'आज्ञाधारकपणा' असा शब्द आहे. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शाळेतली रांग येते, हाताची घडी येते, साहेबापुढे झुकलेली मान येते. मूळ ग्रीक शब्द आहे 'हुपाकोए'. तो ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ 'ऐकणे' असा आहे. लक्ष देऊन ऐकणं आणि ऐकल्यावर त्याप्रमाणे वागणं, दोन्ही त्यात येतं.

हे समजायला मराठी माणसाला ग्रीक शिकायची गरज नाही. आपण रोज म्हणतो, "हा मुलगा अजिबात ऐकत नाही." त्याचा कान बिघडलाय असं आपल्याला म्हणायचं नसतं. आपल्या भाषेतही ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात राहतात. बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत आहे तिथेही 'शमा' या शब्दात दोन्ही अर्थ आहेत. आणि इथे रियाधमध्ये आपल्या कानावर पडणाऱ्या अरबीतही 'समअन व ताअतन' असं जोडीनं म्हणतात, म्हणजे ऐकलं आणि मानलं.

आता पत्रातली त्याच्या मागचीपुढची वाक्यं पाहू, कारण एकटं वाक्य उचललं की ते काठीसारखं वापरता येतं. आठव्या वचनाच्या अगोदर, सातव्यात लिहिलंय की येशूनं मोठ्यानं आक्रोश करून, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली आणि त्याचं ऐकलं गेलं. या 'ऐकलं गेलं'साठी वापरलेला ग्रीक शब्द त्याच 'ऐकणे' धातूचा आहे. म्हणजे आधी बाप मुलाचं ऐकतो, मग मुलगा ऐकायला शिकतो. ऐकणं दोन्हीकडून आहे. जिथे एकानंच ऐकायचं आणि दुसऱ्यानं फक्त घाव घालायचे, तशी ही गोष्ट नाही. दगडाला कान नसतात, तो नुसता सोसतो. त्या सोसण्याला इब्री पत्र आज्ञापालन म्हणत नाही.

हा आक्रोश कुठला, हेही सांगते. येशूला पकडलं त्या रात्री तो यरुशलेमजवळच्या गेथशेमाने नावाच्या बागेत होता. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला कळत होतं. त्यानं देवाला सरळ विनवलं की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. शेवटी त्यानं बापाच्या इच्छेला होकार दिला. पण तो होकार विनवणीनंतरचा, घामानंतरचा आणि अश्रूंनंतरचा होता. सोबत्यांना तो म्हणाला की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, "रडू नको" हे आज्ञापालन नाही. ज्याच्याकडून ते शिकायचं तोच मोठ्यानं रडला. दुसरी, येशूचं दुःख ही त्याच्या चुकीची शिक्षा नव्हती. त्यानं आधी ऐकलं नव्हतं म्हणून त्याला वठणीवर आणलं, असं पत्र म्हणत नाही. 'पुत्र असूनही' असं ते म्हणतं. लाडका असूनही त्याला सोसावं लागलं. म्हणून कुणाच्या घरी दुःख आलं तर त्यावरून त्या घरानं देवाचं ऐकलं नसणार, असा हिशेब मांडता येत नाही.

मग तो 'शिकला' म्हणजे काय? सुखात होकार द्यायला काही लागत नाही. तो होकार केवढ्याला पडतो हे प्रसंगात उतरल्यावरच कळतं. पोहण्याबद्दल कितीही वाचलं तरी पाण्यात पडल्याशिवाय पोहणं येत नाही, तसंच. देवाचा पुत्रसुद्धा माणूस म्हणून जगताना ही वाट वगळून पुढे गेला नाही, हे त्या वाक्याचं म्हणणं आहे.

केडगावच्या रमाबाई

एवढं सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं झालं. आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यापेक्षा जवळचं मला दुसरं दिसत नाही. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एखादा परिच्छेद वाचलेला असतो. आज त्यांच्याकडे या प्रश्नाच्या अंगानं पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची टीका त्यांनी झेलली, आणि आईनं पुढे रमाबाईंना शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. १८७०च्या दशकात दुष्काळ पडला. व्रतं झाली, दानं झाली, होतं नव्हतं ते संपलं. काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी भटकले. कोलकात्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच, १८८२ साली, नवरा कॉलऱ्यानं गेला. वय चोविसाच्या आत आणि मागे राहिलं कोण, तर मांडीवरची एक लेक.

आता कुणी म्हणेल, "पाहा, देवानं त्यांना घडवलं." थांबा. त्या दुष्काळात अशी असंख्य घरं उद्ध्वस्त झाली. ती सगळी माणसं काही पंडिता झाली नाहीत. दुःख आपण होऊन काही शिकवत नाही. त्यानं माणूस कडू होतो, कधी मुका होतो, कधी मोडतो. तेव्हा रमाबाईंच्या बाबतीत काय निराळं झालं, ते पाहायला हवं.

१८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे तो बेत मोडला. पुढे हा बहिरेपणा वाढतच गेला. आज आपण 'ऐकण्या'वर बोलतोय, म्हणून हे मुद्दाम लक्षात ठेवा.

बाप्तिस्मा झाल्यावर रमाबाईंनी सगळ्यांचं सगळं ऐकलं का? नाही. इंग्लंडमधल्या धर्माधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की नव्यानं श्रद्धेत आलेल्या बाईनं वडीलधाऱ्यांच्या शिकवणीपुढे प्रश्न करू नयेत. रमाबाईंनी प्रश्न केले. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल विचारलं, चर्चच्या मतमांगण्यांबद्दल विचारलं. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. आपल्या आईसारख्या असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी पत्रांतून आदरानं, पण ठामपणे कळवलं की देवानं मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीच्या हाताखाली जाणार नाही. सिस्टरना यात गर्व दिसला, आज्ञाभंग दिसला. तो पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. वाचताना दोघींचंही दुःख जाणवतं.

म्हणजे आज्ञाधारकपणाचा प्रश्न रमाबाईंना पुस्तकातून भेटला नाही, तो त्यांच्या अंगावर आला. ऐकायचं, पण कुणाचं? माणसांच्या अधिकाराला नमणं आणि देवाचं ऐकणं, या दोन गोष्टींत त्यांनी फरक केला. आणि तो अहंकारापोटी केला नाही, याचा पुरावा पुढच्या आयुष्यात आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की इंग्लंडमध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त नंतर भेटला. ज्या बाईनं बिशपांपुढे मान झुकवली नाही, तिनं ख्रिस्तापुढे स्वतःला पूर्ण सोपवलं.

कुणाची हाक ऐकू आली?

भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय, यावरून मोठं वादळ उठलं. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपलीच माणसं दुरावली. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं, त्यात आज शिरत नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना आपला जुना दुष्काळ आठवला. पोटातली ती आग, रानातलं ते भटकणं. हाताशी पैसा फारसा नव्हता, जबाबदाऱ्या डोक्यावर होत्याच, आणि न जाण्याची कारणं सापडत होती. तरी त्या गेल्या. उपाशी, कुणी पळवून नेण्याच्या बेतात असलेल्या सुमारे ३०० मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे 'मुक्ती' उभी राहिली. १९००च्या सुमारास तिथे सुमारे १५०० जणी होत्या. विणकाम, शेती, गुरं, छापखाना, सगळं मुली चालवत होत्या.

श्रोतेहो, माझ्या मते इब्री पत्रातलं ते वाक्य इथे उलगडतं. सोळाव्या वर्षी सोसलेल्या भुकेनं रमाबाईंना 'गप्प राहा' असं शिकवलं नाही. वीस वर्षांनी दुसऱ्या भुकेल्या पोरीची हाक आली तेव्हा ती त्यांना ऐकू आली. त्यांचे कान मंद होत चालले होते, तरी इतरांना न ऐकू येणारं त्यांना ऐकू येत होतं. देवाची आज्ञा त्यांना त्या हाकेत ऐकू आली, आणि ती पाळायला त्या उठल्या.

आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सरकारी बंदोबस्तात स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारला ते आवडलं नाही. पण आज्ञाधारक बाई म्हणजे तोंड न उघडणारी बाई, अशी त्यांची समजूत नव्हती.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. खेड्यातल्या, थोडंच वाचता येणाऱ्या बाईला कळावं, हा हेतू. ते 'मुक्ती'च्या छापखान्यात छापलं गेलं. म्हणजे आज ज्या वाक्यावर आपण बोलतोय त्याला मराठी शब्द शोधायला त्याही एकदा बसल्या होत्या. काम चालू असतानाच, १९२१च्या जुलैत, त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. मनोरमाच 'मुक्ती' पुढे चालवणार होती. वर्ष पुरं व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ला, रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

मनोरमा का गेली, याचं उत्तर कुणाकडे नाही. रमाबाईंना आणखी एक धडा द्यायचा राहिला होता म्हणून, असं म्हणायची माझी तरी जीभ धजत नाही.

हे वाक्य कुठे वापरू नये

आता इथल्या जगण्याकडे येऊ. आपल्यातल्या काही जणी घरात त्रास सोसतात. काही जणांचा पगार महिनोन्महिने अडकतो, कुणाचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलेला असतो. अशा माणसाला कुणी सांगितलं की "सोस, देव आज्ञापालन शिकवतोय," तर ते शास्त्राला धरून नाही.

स्वतः येशूला चौकशीच्या वेळी एका शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा त्यानं विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस? प्रेषित पौलाला चाबकानं फोडणार होते, तेव्हा त्यानं आपलं रोमन नागरिकत्व पुढे केलं आणि चौकशीशिवाय हे कायद्यात बसतं का, असं विचारलं. हे दोघंही पुढे पुष्कळ सोसणारच होते. पण टाळता येणारा अन्याय त्यांनी देवाची इच्छा म्हणून गोड मानून घेतला नाही.

माझी एक साधी कसोटी आहे. तुमच्या गप्प राहण्यात ज्याचा फायदा आहे, त्यानं तुम्हाला हे वाक्य ऐकवलं तर सावध व्हा. पासपोर्ट दुसऱ्यानं अडकवून ठेवणं इथल्या नियमांतही बसत नाही. राजनैतिक वसाहतीतल्या आपल्या दूतावासात अशा तक्रारींसाठी समाजकल्याण विभाग आहे, 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ती नोंदवल्यानं श्रद्धा कमी होत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला असं दुःख असतं जे टाळता येत नाही. मरण, आजार, दूर देशातलं एकटेपण. तिथे मात्र हे वाक्य आधार देऊ शकतं. पण ते ज्यानं त्यानं स्वतःशी, आपल्या वेळी म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवायचं नसतं.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. आपले मुस्लिम शेजारी त्यालाच अय्यूब नबी म्हणतात, आणि 'सब्र' म्हटलं की त्याचं नाव घेतात. सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानं बसून राहिले. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग त्यांनी दुःखाची कारणं सांगायला तोंड उघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ईयोबानं देवाशी भांडण मांडलं होतं, तरी देवानं बाजू त्याचीच घेतली.

ताईंसाठी

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. नाही, तुमची आई तुम्हाला धडा शिकवायला गेली नाही. त्या आजारी होत्या, त्यांचं वय झालं होतं, आणि तुम्हाला पोहोचता आलं नाही. ते दुःख दुःखच आहे. त्याला आज अर्थ सापडलाच पाहिजे असं नाही. ज्या प्रभूवर तुमचा विश्वास आहे तो स्वतः मोठ्यानं रडला आणि त्याचं ऐकलं गेलं. तुम्हीही रडा. देवाला विचारा. "असा धडा मला नको" असं त्याला सांगायलाही हरकत नाही. गेथशेमानेच्या बागेत त्यानं जे म्हटलं ते यापासून फार लांब नव्हतं.

आणि मावशींवर राग धरू नका. त्यांनाही तुमच्याजवळ बसायचं होतं. एवढ्या लांबून जे वाक्य हाताशी सापडलं ते त्यांनी पाठवलं.

पुढे कधीतरी, सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, तुमच्याच इमारतीत कुणाच्या तरी घरून रात्री फोन येईल की गावाकडे वडील गेलेत आणि तिकीट मिळत नाहीये. त्या घरी काय बोलू नये हे तुम्हाला कळलेलं असेल. तुम्ही चहा करून न्याल, मुलांना आपल्याकडे झोपवाल, फोनचा चार्जर पुढे कराल, आणि समोरच्याचं ऐकत बसाल. ते करायला आई गमावणं ही काही योग्य किंमत नव्हे. पण ती हाक तुम्हाला ऐकू येईल, आणि तुम्ही उठाल. ख्रिस्ती श्रद्धेत दुःखातून शिकलेलं आज्ञापालन म्हणतात ते हेच, असं मला वाटतं. तेवढी घाई मात्र आज नाही.

श्रोतेहो, तुमच्या इमारतीत, तुमच्या ऑफिसात या वर्षी कुणाला मातीला पोहोचता आलं नसेल, तर आज दुपारी त्यांना फोन करा. काही समजावू नका. "आईबद्दल सांगा ना," एवढंच म्हणा आणि मग ऐका.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार.